यादीत धरत नाहीत

इल्मारकडे होती एक सकाळ.
अडीच दिवसांच्या मुक्कामातले दोन
जहाजांच्या विम्यानं खाल्ले,
उरलेला अर्धा विमानतळाचा.
मधे ही फट: पहाटे साडेपाच ते अकरा.
वहीत एकच नाव, घरून देवनागरीत
गिरवून आणलेलं, र चा पाय तुटका:
नवरंग.

मी आधीच सांगितलं, ऑक्टोबर आहे.
जूनमध्ये आला असतास तर
दोन सुरांची शीळ घालून त्यानंच पत्ता दिला असता.
आता पिल्लं उडाली, हद्दीची भांडणं मिटली,
तोंड बंद.
आता तो म्हणजे पाचोळ्यातली खसफस,
आणि दहांतल्या नऊ खसफशी सरड्यांच्या.
तो म्हणाला, दहावी बघू.

शिलोंड्याच्या वाटेवर आमच्याआधी कुणी गेलं नव्हतं;
कोळ्यांची जाळी कपाळाला चिकटत होती.
तो चालायचा,
परक्या घरात रात्री पाणी प्यायला उठल्यासारखा.
मी वीस वर्षं इथं माणसं हिंडवतेय,
माझाच पाय काटकीवर पडला.

ऐनाखाली चाळीस मिनिटं.
डासांनी त्याचे कान सुजवले, हलला नाही.
स्वर्गीय नर्तक आला,
शेपटीची पांढरी फीत आमच्यावरून ओढत गेला.
इल्मारनं मान डोलावली,
न मागितलेला चहा पुढ्यात आल्यावर
डोलवावी तशी.

मग कुंभ्याच्या मुळाशी काहीतरी
दोन उड्या मारून थांबलं.
मला तपकिरी दिसलं, त्याला हिरवं.
दोघांपैकी एकाची खात्री होती,
ती मी नव्हते.
पान हललं नाही पुन्हा.
सव्वादहा वाजले. त्यानं दुर्बिणीची टोपणं
एकेक करून बसवली,
आणि माझा फोन थरथरला.

आयसी कॉलनीतल्या एका इमारतीचे राखणदार, गुरव:
"ताई, जिन्याच्या काचेवर पोपट आपटलाय.
फुर्टाडोबाई म्हणतात पोपट नाही.
रंगीत आहे पण."

बुटांच्या खोक्यात, आठ नंबरच्या चिठ्ठीमागे,
बसला होता अख्खा नवरंग.
डोळ्यावरून काळी पट्टी, पोटाखाली निखारा,
शेपटीला कापड पुरलं नाही असा.
इल्मार फरशीवर उकिडवा बसला.
इतक्या जवळून दुर्बिणीचं काय करायचं
त्याला कळेना, ती पाठीवर फिरवली.
बराच वेळ दोघं एकमेकांना नुसते होते.

लिही की, मी म्हटलं.
"खोक्यातला यादीत धरत नाहीत,"
तो हळू म्हणाला,
जणू पक्ष्याला लागेल.

गुरवांनी हनुवटीनं विचारलं, कुठला हा?
हनुवटी दोघांच्या मधोमध होती.
मी सोयीचं धरलं:
पावसापुरता इथला, आता दक्षिणेला निघालाय.
रात्रीचा उडतो, दिव्यांना फसतो.
"मग माझ्यापेक्षा बरा," गुरव म्हणाले,
"मला रजा सोमवारपासून. राजापूर. भात कापायचंय."
आणि त्यांनी खोक्यावर सावली धरली, वहीच्या पुठ्ठ्याची,
इमारतीत येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहितात त्या.
त्या वहीत इल्मारची सही आहे.
वेळ, दहा पन्नास. कुणाकडे, या रकान्यात
गुरवांनी स्वतः लिहिलं: पक्षी.

टॅक्सी आली. त्यानं हात पुढे केला,
मग आठवून जोडले,
मग दोन्ही अर्धे सोडून मागच्या सीटवर बसला.

संध्याकाळी खोका मांडीवर घेऊन
मी रिक्षानं पार्कात गेले.
झाकण काढलं. कितीतरी वेळ काही नाही.
मग दोन उड्या,
आणि पाचोळा त्याच्यावरून मिटला.
काळोख पडेतो उभी राहिले.
खसफस. सरडा.
खसफस. सरडा.
मोजत नवव्यापर्यंत आले होते
तोच फुर्टाडोबाईंचा फोन:
गेला का नीट? बरं झालं.
आणि खोका तेवढा परत आणा,
बुटांची पावती त्याच्याच तळाला आहे.